चालू कॉम्प्युटर केव्हीएम स्विचला जोडल्यावर माउस बंद पडला, तर

दोन-चार कॉम्प्युटर आणि त्या सगळ्यांना मिळून एकच कीबोर्ड, एकच माउस, एकच मॉनिटर, यासाठी केव्हीएम स्विच लावतात. सगळी यंत्रं बंद करून मगच केबल जोडा, असं त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. पण ज्या यंत्रावर बॅकअप चालू आहे किंवा अख्खं ऑफिस ज्याच्यावर हिशोब टाकतंय, ते सहजासहजी बंद करता येत नाही. मग चालू असतानाच मागची केबल काढून स्विचची खोचली जाते. मॉनिटर उजळतो, कीबोर्ड चालतो, माउस मात्र ढिम्म. कधी त्याहून वाईट होतं. माउस जरासा हलवला की पॉइंटर कोपऱ्यात जाऊन आपटतो, आपोआप क्लिक होतात, नको ते मेनू उघडतात.

हा दुसरा प्रकार दिसला तर सर्वांत आधी माउसवरून हात काढा. अशा अवस्थेत माउस हलवत राहिलं तर न केलेल्या क्लिकने फोल्डर ओढला जाऊ शकतो, फाइल उडू शकते. कंट्रोल-एस दाबून काम सेव्ह करा आणि यापुढचं सगळं कीबोर्डवरूनच करा.

माउस बिघडलेला नसतो, आणि बहुतेक वेळा पोर्टही शाबूत असतो. कॉम्प्युटर आणि माउस यांच्यात सुरुवातीला एकदाच होणारी बोलणी हुकलेली असतात. ती पुन्हा घडवून आणली की माउस परत येतो. पुढचे सगळे उपाय त्यासाठीच आहेत. ही बोलणी काय असतात ते कळलं की कोणता उपाय कुठे चालेल हे स्वतःलाच ठरवता येतं, म्हणून आधी तेवढं नीट सांगतो.

जुना गोल, सहा पिनांचा पीएस/२ पोर्ट आयबीएमने १९८७ मध्ये आणला. हिरवा माउससाठी, जांभळा कीबोर्डसाठी. तो चालू यंत्रात काढ-घाल करण्यासाठी बनवलेलाच नाही. बूट होताना ड्रायव्हर, म्हणजे माउस सांभाळणारा प्रोग्रॅम, माउसला रीसेटची आज्ञा देतो, म्हणजे हेक्स (सोळा अंकांच्या पद्धतीतला) एफएफ हा बाइट. माउस एफए म्हणजे ‘मिळालं’ असं सांगतो, स्वतःची तपासणी करतो, मग एए म्हणजे ‘ठीक आहे’ आणि शेवटी ०० हा आपला ओळख-क्रमांक पाठवतो. यानंतरही माउस गप्पच असतो. ड्रायव्हरने एफ४ ही आज्ञा दिली की मगच तो हालचाली कळवायला लागतो.

चाकाचा माउस १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या इंटेलिमाउसबरोबर सर्वत्र पसरला, तेव्हा या बोलण्यात एक खूण वाढली. ड्रायव्हर लागोपाठ तीन वेग सांगतो: सेकंदाला २०० नमुने, मग १००, मग ८०. जुन्या माउसला यात काहीच विशेष वाटत नाही. चाकाचा माउस ही खूण ओळखतो आणि पुढे ओळख विचारली की ०० ऐवजी ०३ सांगतो. त्या क्षणापासून दर हालचालीला तीनऐवजी चार बाइट येऊ लागतात, चौथा चाकाचा.

आता चालू कॉम्प्युटरची केबल काढून स्विचला लावली तर काय होतं पाहा. कॉम्प्युटरच्या दृष्टीने बोलणी कधीच आटोपलेली आहेत. समोर चाकाचा माउस आहे, तो चार-चार बाइट पाठवणार, असं तो धरून बसलाय. पण केबलच्या दुसऱ्या टोकाला आता तो माउस नाही. तिथे स्विचमधली चिप आहे, जी प्रत्येक पोर्टवर माउस असल्याचं सोंग वठवते. तिला ना खूण मिळाली, ना एफ४. म्हणून ती एकतर काहीच पाठवत नाही आणि पॉइंटर मेल्यासारखा राहतो, किंवा साध्या माउससारखे तीन-तीन बाइट पाठवते. ड्रायव्हर चार मोजतोय, येतायत तीन. दर वेळी पुढच्या हालचालीचा पहिला बाइट मागच्या हालचालीचं चाक म्हणून मोजला जातो आणि सगळी गणती सरकते. बटणांची माहिती पहिल्या बाइटमध्ये असते. सरकलेल्या गणतीत तिथे हालचालीचा आकडा येऊन बसतो. आपोआप होणारे क्लिक येतात ते इथून. पहिल्या बाइटमधला एक बिट नेहमी १ असतो आणि ड्रायव्हर त्यावरून गणती पडताळतो, पण हालचालीच्या बाइटमध्येही तो बिट कित्येकदा १ असतोच, त्यामुळे ही पडताळणी सहज फसते.

मग खरा माउस चालू यंत्रात काढून घातला तर तो पुष्कळदा आपोआप का चालू होतो? कारण वीज मिळताच तो स्वतःहून एए आणि ०० पाठवतो. लिनक्स आणि विंडोज, दोन्हींचे ड्रायव्हर हे दोन बाइट ओळखतात आणि बोलणी पुन्हा सुरू करतात. स्विचची चिप मात्र ॲडॅप्टरवर किंवा शेजारच्या कॉम्प्युटरच्या विजेवर आधीपासूनच जागी असते. तिच्यासाठी नवीन काही घडलेलंच नसतं, म्हणून ती हे दोन बाइट पाठवत नाही. चांगले स्विच केबल लागल्याचं ओळखून पाठवतात, स्वस्तातले नाही पाठवत.

आता उपाय. दोन गोष्टी आधी पाहून घ्या: स्विचच्या दुसऱ्या पोर्टवरच्या कॉम्प्युटरवर हाच माउस चालतो का, आणि हिरवी-जांभळी केबल अदलाबदल झालेली नाही ना. अदलाबदल असेल तर कीबोर्डही बंद असतो, त्यावरून लगेच कळतं.

पहिला प्रयत्न स्विचकडूनच करावा. स्विचवर दुसऱ्या पोर्टवर जा, चार-पाच सेकंद थांबा, परत या. एवढ्यानेही काही स्विच पोर्ट नव्याने सुरू करतात. नाही झालं तर स्विचचा स्वतःचा रीसेट शोधा. स्क्रीनवर मेनू दाखवणाऱ्या स्विचमध्ये माउस-कीबोर्ड रीसेट अशी आज्ञा असते. ती कॉम्प्युटरला जणू नुकताच माउस लागला असा संकेत पाठवते, म्हणजे हुकलेलं नेमकं तेच. मेनू नसलेल्या स्विचमध्ये हे हॉटकीने, म्हणजे कीबोर्डवरच्या ठरावीक बटणांनी होतं आणि हॉटकी कंपनीगणिक बदलते: कुठे स्क्रोल लॉक दोनदा, कुठे कंट्रोल दोनदा. एटेनच्या बऱ्याच यूएसबी स्विचांत नम लॉक दाबून ठेवून उणे दाबायचं, दोन्ही सोडायचं, मग एफ५. आपल्या मॉडेलची पुस्तिका पाहिल्याशिवाय अंदाजाने बटणं दाबू नका, कारण त्याच मोडमध्ये दुसरं अक्षर दाबलं तर स्विचच्या इतर सेटिंग बदलतात.

केबल पुन्हा काढून घालायचीच असेल तर ती अशी घाला की चिपची वीज खरोखर जाईल. ॲडॅप्टर नसलेला स्विच कॉम्प्युटरच्या पीएस/२ पोर्टातूनच ५ व्होल्ट घेतो, आणि एकाहून जास्त कॉम्प्युटर जोडलेले असतील तर कोणाही एकाची वीज त्याला पुरते. म्हणजे फक्त बिघडलेल्या यंत्राची केबल कितीही वेळा काढली तरी चिप जागीच राहते. सगळ्या यंत्रांच्या कीबोर्ड-माउसच्या केबल आणि असल्यास ॲडॅप्टर काढा, दहा-पंधरा सेकंद थांबा, मग आधी ॲडॅप्टर आणि नंतर एकेक यंत्र जोडा. मात्र यात ज्या यंत्रांचा माउस आत्ता चालतोय त्यांचाही बंद पडू शकतो, तेव्हा तीन-चार सर्व्हर एका स्विचवर असतील तर हा मार्ग मी शेवटी ठेवेन.

इथून पुढे ऑपरेटिंग सिस्टीमप्रमाणे वाट वेगळी होते.

लिनक्सवर जुना सल्ला असा की कंट्रोल-आल्ट-एफ१ दाबून काळ्या कन्सोलवर जा, मग कंट्रोल-आल्ट-एफ७ ने परत या, किंवा कन्सोलवर माउस चालवणारी जीपीएम ही सेवा रीस्टार्ट करा. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. २.४ कर्नलच्या काळात हे हमखास चालायचं, कारण तेव्हा ग्राफिक स्क्रीन चालवणारा एक्स सर्व्हर माउसचं उपकरण स्वतः उघडायचा आणि कन्सोलवरून परतला की माउसशी बोलणी पुन्हा करायचा. डिसेंबर २००३ मध्ये २.६ कर्नल आलं आणि माउसशी बोलणं कर्नलने स्वतःकडे घेतलं. त्यामुळे आजच्या यंत्रांवर नुसती कन्सोल बदलून काही होत नाही. कर्नलच्या ड्रायव्हरलाच हलवावं लागतं. इंटरनेटवर अजूनही हा सल्ला फिरतो, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतोय. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या. कंट्रोल-आल्ट-एफ३ ने कन्सोल उघडा किंवा दुसऱ्या यंत्रावरून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कमधून आत या. आधी डीमेसेज (स्पेलिंग डी, एम, ई, एस, जी), म्हणजे कर्नलच्या संदेशांची यादी पाहा. ‘लॉस्ट सिंक्रोनायझेशन, थ्रोइंग ३ बाइट्स अवे’ अशा ओळी दिसल्या तर गणती सरकल्याची खात्री झाली. मग ‘सुडो मॉडप्रोब -आर पीएसमाउस’, आणि त्यापाठोपाठ ‘सुडो मॉडप्रोब पीएसमाउस’. सुडो म्हणजे पुढची आज्ञा ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने चालवा. पहिल्या आज्ञेने ड्रायव्हर उतरतो, दुसरीने चढतो आणि चढताना पूर्ण बोलणी नव्याने होतात. कीबोर्डचा ड्रायव्हर वेगळा असल्याने टायपिंगला धक्का लागत नाही. लॅपटॉपवर मात्र टचपॅडही कित्येकदा याच ड्रायव्हरवर चालतो, तसं असेल तर तो क्षणभर बंद होईल.

काही कर्नलमध्ये पीएसमाउस आतच बांधलेला असतो. तिथे ‘मॉड्यूल बिल्टइन आहे’ असं उत्तर येतं आणि तो उतरवता येत नाही. अशा वेळी फक्त तेवढ्या पोर्टला पुन्हा जोडणी करायला सांगता येतं. ‘/सिस/बस/सिरिओ/डिव्हाइसेस’ या फोल्डरात सिरिओ०, सिरिओ१ असे पोर्ट दिसतील. सिरिओचं स्पेलिंग एस, ई, आर, आय, ओ. प्रत्येकातली डिस्क्रिप्शन ही फाइल वाचा. जिच्यात ‘आय८०४२ ऑक्स पोर्ट’ असेल तो माउसचा. त्याच फोल्डरातल्या ‘डीआरव्हीसीटीएल’ नावाच्या फाइलमध्ये रीकनेक्ट हा शब्द लिहायचा: ‘इको -एन रीकनेक्ट’, मग उभी रेघ, मग ‘सुडो टी’ (टीचं स्पेलिंग टी, ई, ई) आणि त्या फाइलचा पूर्ण पत्ता. ‘सुडो इको’ लिहून बाणाच्या चिन्हाने फाइलकडे वळवलंत तर परवानगी नाकारली जाते, कारण सुडो फक्त इकोला लागू होतो, फाइल उघडणाऱ्या शेलला, म्हणजे आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रॅमला नाही. पुष्कळजण इथेच अडकतात. मला स्वतःला मॉड्यूल उतरवण्यापेक्षा ही रीकनेक्टची वाट जास्त पसंत आहे, कारण ती एकाच पोर्टला हात लावते.

स्विचवर यंत्र बदललं की दर वेळी हाच त्रास होत असेल तर ड्रायव्हरला पक्कं बांधून टाका. ‘/ईटीसी/मॉडप्रोब.डी’ मध्ये एक कॉन्फ फाइल करून त्यात ‘ऑप्शन्स पीएसमाउस प्रोटो=आयएमपीएस’ ही ओळ लिहा. आयएमपीएस म्हणजे चाकाचा साधा माउस. जास्तीची बटणं किंवा कंपनीची खास वैशिष्ट्यं शोधण्याच्या भानगडीत ड्रायव्हर पडत नाही आणि स्विचची चिप गोंधळत नाही. तरीही जमलं नाही तर आयएमपीएसच्या जागी बेअर लिहा. मग तीनच बाइट, चाक चालणार नाही, पण गणती सहसा सरकत नाही. सर्व्हरवर माउस क्वचित लागतो, तिथे मी बेअरच ठेवेन. डेबियन-उबुंटूवर नंतर ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ चालवायला विसरू नका, नाहीतर बूटच्या वेळी जुनीच सेटिंग वाचली जाऊ शकते. ड्रायव्हर बिल्टइन असेल तर हेच ‘पीएसमाउस.प्रोटो=आयएमपीएस’ असं ग्रब या बूट करणाऱ्या प्रोग्रॅममधल्या कर्नलच्या ओळीत लिहावं लागतं.

विंडोजवर इतकं बारीक नियंत्रण हातात मिळत नाही. डेस्कटॉप असेल आणि काही मिनिटांची विश्रांती चालणार असेल तर यंत्र स्लीपमध्ये टाका आणि पॉवर बटणाने जागं करा. जागं होताना ड्रायव्हर माउसची बोलणी नव्याने करतो आणि उघडलेली कामं तशीच राहतात. लिनक्सवरही हा उपाय चालतो. सर्व्हरवर अर्थातच करू नये.

तोपर्यंत पॉइंटर लागणारच असेल तर डावा आल्ट, डावा शिफ्ट आणि नम लॉक एकत्र दाबा, विचारलं की एंटर. आता आकड्यांच्या कीपॅडने पॉइंटर हलतो आणि ५ ने क्लिक होतो.

डिव्हाइस मॅनेजर उघडायला विंडोज की आणि एक्स, मग एम. बाणाने माउसच्या गटापर्यंत जा, उजव्या बाणाने तो उघडा, ‘पीएस/२ कम्पॅटिबल माउस’ वर या आणि शिफ्ट-एफ१० ने मेनू आणा. अनइन्स्टॉल करून आल्ट-ए मधून स्कॅन करता येतं, पण पीएस/२ च्या बाबतीत विंडोज बहुतेकदा रीस्टार्टच मागतं. म्हणून अनइन्स्टॉलची घाई करू नका. रीस्टार्ट करायचाच असेल तर रीस्टार्टच निवडा, शट डाउन नको. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना कर्नलची अवस्था डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलली जाते. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं कोरं सुरू होतं.

वारंवार पॉइंटर उड्या मारत असेल तर त्याच माउसच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड सेटिंग्जचा टॅब पाहा. तिथे व्हील डिटेक्शन आहे. ते बंद केलं की विंडोज चाकाची खूण देत नाही, तीन बाइटांवर राहतं, आणि हा बदल रीस्टार्टनंतर लागू होतो. टॅब दिसत नसेल तर रजिस्ट्रीमध्ये आय८०४२पीआरटी या सर्व्हिसच्या पॅरामीटर्समध्ये ‘एनेबलव्हीलडिटेक्शन’ ची किंमत ० करायची.

एक परिस्थिती मात्र अशी आहे की तिथे रीस्टार्टशिवाय सहसा इलाज नाही. कॉम्प्युटर बूट होताना माउस लावलेलाच नव्हता आणि नंतर स्विच जोडला, तर बायोसने, म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमने, माउसचा पोर्टच बंद केलेला असू शकतो. शाळेची हजेरी झाल्यावर आलेल्या मुलासारखं, माउसचं नावच त्या दिवसाच्या यादीत नसतं. विंडोज मग त्याचा ड्रायव्हर चढवतच नाही. लिनक्स डीमेसेजमध्ये ऑक्स पोर्ट बंद दिसतोय असं सांगतं आणि ‘आय८०४२.नोपीएनपी’ हा पर्याय देऊन बूट करायला सुचवतं.

रीस्टार्ट करूनही माउस येत नसेल तर वीज तपासा. जुना माउस थेट कॉम्प्युटरला लावा आणि खालचा लाल दिवा लागतो का पाहा. स्विचला लावलेल्या माउसचा दिवा पाहून काही कळत नाही, कारण त्याला वीज स्विच देतो. दिवा नसेल तर मदरबोर्डवरच्या पोर्टात पिन ४ आणि पिन ३ यांच्यात मल्टिमीटरने ५ व्होल्ट मिळतात का बघा. चालू यंत्रात केबल तिरकी खोचली गेली की या ओळीवरचा फ्यूज जातो, आणि बहुतेक बोर्डांवर तो कीबोर्ड-माउसला मिळून एकच असतो. आपोआप पूर्ववत होणारा पॉलिफ्यूज असेल तर भिंतीतला प्लग काढून थोडा वेळ ठेवा. नुसतं शट डाउन पुरत नाही, कारण पुष्कळ बोर्डांवर पीएस/२ ला स्टँडबायचे ५ व्होल्ट बंद अवस्थेतही मिळत राहतात. साधा फ्यूज असेल तर सोल्डरिंग येणाऱ्याकडूनच बदलून घ्या.

आपल्याकडे याहून मोठा धोका अर्थिंगचा आहे. जुन्या इमारतींत, दोन पिनांच्या एक्स्टेंशन बोर्डवर किंवा अर्थिंग न केलेल्या इन्व्हर्टरवर चाललेल्या कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. एसएमपीएसमधले, म्हणजे कॉम्प्युटरच्या वीजपुरवठ्याच्या डब्यातले, फिल्टरचे कपॅसिटर २३० व्होल्टांच्या साधारण निम्मा दाब पत्र्यावर आणून ठेवतात. प्रवाह अगदी कमी असतो, पण असा कॉम्प्युटर आणि अर्थिंग असलेला दुसरा कॉम्प्युटर एकाच स्विचने जोडले की तो प्रवाह केबलमधून धावतो. त्या क्षणी डेटाची पिन आधी टेकली तर पोर्ट जळू शकतो. म्हणून चालू यंत्र जोडायचंच असेल तर आधी दोन्ही यंत्रांच्या पत्र्यांमध्ये एसी व्होल्टेज मोजा. एक-दोन व्होल्ट ठीक. दहा-वीसच्या वर असेल तर केबलला हात लावू नका, आधी अर्थिंग करून घ्या. मोजमाप बरं असेल तर आधी मॉनिटरची व्हीजीए केबल लावून दोन्ही स्क्रू पिळा, म्हणजे धातूचं कवच जोडलं जाऊन दोन्ही पत्रे एका पातळीवर येतात. मग कीबोर्ड, आणि सगळ्यात शेवटी माउस. पिन सरळ रेषेत, एका दमात.

यूएसबी स्विचवर हा प्रश्न बराच सौम्य होतो, कारण यूएसबी चालू यंत्रात काढ-घाल करण्यासाठीच बनलं आहे. तरी तिथे वेगळी अडचण येते. जे स्विच माउसचं सोंग स्वतः वठवतात त्यांना जास्त बटणांचे गेमिंग माउस आणि वायरलेस रिसीव्हर कित्येकदा समजत नाहीत. असा माउस स्विचच्या माउस-पोर्टऐवजी त्याच्या साध्या यूएसबी हबच्या पोर्टात लावून पाहा. माउसच्या बटणाने पोर्ट बदलण्याची सोय जाईल, पण माउस पूर्ण चालेल. विंडोज १० च्या ‘२००४’ क्रमांकाच्या आवृत्तीपासून ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पीएनपीयूटिल /स्कॅन-डिव्हाइसेस’ ने रीस्टार्ट न करता उपकरणं पुन्हा शोधता येतात. लिनक्सवर ‘एलएसयूएसबी -टी’ ने माउस कुठल्या पोर्टवर आहे ते पाहून यूएसबी ड्रायव्हरच्या अनबाइंड आणि बाइंड या फाइलींत तो पोर्ट-क्रमांक लिहिला की तेच काम होतं. स्विच थोडा वेळ दुसरीकडे राहिल्यावर माउस झोपून जात असेल तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा.

जुन्या मशीनला पीएस/२ च आहे आणि नवा स्विच यूएसबीचा, अशी जोडणी करायची झाली तर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीत हिरवा छोटा ॲडॅप्टर स्वस्तात मिळतो. तो घेऊ नका. त्यात फक्त तारा इकडच्या तिकडे केलेल्या असतात. दोन्ही भाषा बोलणाऱ्या माउसबरोबरच तो चालतो, आणि स्विचच्या चिपला बहुधा दुसरी भाषा येत नाही. ‘ॲक्टिव्ह कन्व्हर्टर’ असं सांगून मागा, म्हणजे आत चिप असलेला. शिवाय दिशा नीट सांगा: कॉम्प्युटरकडे पीएस/२ आणि स्विचकडे यूएसबी. दुकानात सहसा ठेवलेला असतो तो याच्या उलट दिशेचा, पीएस/२ माउस यूएसबी कॉम्प्युटरला लावण्यासाठीचा. तो इथे उपयोगाचा नाही.